ताक्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात: कापड आणि कपडे उद्योगात ई-व्यवसाय कसा रुजवावा

कटिंगच्या टेबलावर गडद निळ्या कापडाचे दोन ताके एकावर एक अंथरले गेले. दोन्हींवर आर्टिकल नंबर तोच होता आणि रंगाचं नावही तेच. फरक फक्त रंगाईच्या लॉटचा, म्हणजे एका खेपेत एकत्र रंगवलेल्या मालाचा होता, आणि तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनने लिहिलेला होता. कुणी पाहिला नाही. पुढे बंडल बांधताना थरांचे नंबर मिसळले. ट्यूबलाइटखाली शिलाई झाली, तपासणीही झाली, आणि पॅकिंगच्या दिवशी कुणीतरी एक शर्ट खिडकीजवळ नेला तेव्हा दिसलं की बाही आणि पाठ वेगवेगळ्या निळ्या रंगाच्या आहेत. त्या वेळी मी त्या युनिटच्या स्टोअरमध्ये काम करत होतो. त्याच महिन्यात आमची वेबसाइट सुरू झाली होती. चांगली होती, मेहनतीने केलेली होती. पण लॉट नंबर कुठल्याही संगणकात नव्हता.

तेव्हापासून ई-व्यवसाय म्हटलं की मला आधी ताक्याची चिठ्ठी आठवते. कापसाच्या तंतूपासून घडी घातलेल्या शर्टापर्यंत माल अनेक हातांतून जातो. प्रत्येक हाताने त्याच मालाला त्याच नावाने ओळखलं, तर पुढचं सगळं जमतं. ही ओळख जुळली नाही, तर ऑनलाइन ऑर्डर आल्यावर गोंधळ फक्त लवकर पोहोचतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी आतलं घर, मग भागीदार आणि शेवटी विक्री.

हा धंदा संगणकाला अवघड का जातो

सूत किलोवर विकलं जातं, विणलेलं कापड मीटरवर, होजिअरीचं कापड पुन्हा किलोवर आणि तयार कपडा नगावर. म्हणजे एकाच मालाची वाटेत किलो, मीटर आणि नग अशी तीन मापं होतात. सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक किंवा जाड आहे, हे कुणी काउंटमध्ये सांगतो, कुणी टेक्समध्ये, कुणी डेनिअरमध्ये. ३० काउंटचं सुती सूत म्हणजे साधारण १९.७ टेक्स, म्हणजेच १७७ डेनिअर. तिघं एकाच सुताबद्दल बोलत असतात, पण तीन फायलींत तीन वेगळे आकडे असतात.

त्यात रंग आणि साइझ येतात. एक डिझाइन, ६ रंग आणि ७ साइझ म्हटले की ४२ वेगळ्या वस्तू झाल्या. पँटमध्ये लांबीचे ३ पर्याय दिले की त्या १२६ होतात. पुस्तक किंवा मोबाइल विकणाऱ्याला हा गुणाकार करावा लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बनलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं आणलं की आपल्याकडे अडतं.

वेळ कुठे जातो, हेही आधी समजून घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कपडे उद्योगाची साखळी कर्ट सॅल्मन या सल्लागार संस्थेने मोजली होती. कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत ६६ आठवडे लागत होते, आणि त्यातले ४० आठवडे माल गोदामात पडलेला किंवा वाटेत असायचा. त्यातूनच ‘क्विक रिस्पॉन्स’ची चळवळ उभी राहिली: दुकानात काय विकलं गेलं याची बारकोडवरची माहिती थेट कारखान्यापर्यंत आणि कापडाच्या गिरणीपर्यंत न्यायची. माग जलद करून जे साधलं नसतं, ते माहिती जलद करून साधण्याचा तो प्रयत्न होता. आजही पहिली बचत तिथेच सापडते.

पहिली पायरी: एका ऑर्डरचे सगळे कागद टेबलावर मांडा

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी हे करा. नुकतीच पूर्ण झालेली एक ऑर्डर निवडा, फार सोपी नको आणि फार भांडणाचीही नको. तिच्याशी संबंधित प्रत्येक कागद, मेसेज, मेल आणि वहीचं पान एकत्र करा: चौकशी, नमुन्याची मंजुरी, सुताची खरेदी, रंगाईचं चलान, कापड तपासणीचा तक्ता, कटिंग शीट, पॅकिंग लिस्ट, बिल. मोठ्या टेबलावर ते क्रमाने लावा.

आता लाल पेन घ्या. एका कागदावरची माहिती माणसाने हाताने दुसऱ्या कागदावर उतरवली असेल, तिथे तिथे गोल करा. रंगाचं नाव किती वेळा लिहिलं गेलं? लांबी किती वेळा? पहिल्यांदा हे केलं, तेव्हा रंगाच्या नावाभोवती गोल करता करता मला त्या नावाची चार वेगळी रूपं सापडली. प्रत्येक लाल गोल म्हणजे चुकीची एक शक्यता आणि कुणाच्या तरी दिवसातली काही मिनिटं.

हा कागद जपून ठेवा. कुठली खरेदी आधी करायची, हे त्यावरून ठरवा. लाल गोल जिथे दाटलेले आहेत, तिथून सुरुवात करा. शेजारच्याने काय घेतलं, यावरून नको.

दुसरी पायरी: मालाला नाव द्या

सगळ्यात कंटाळवाणं काम हे आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारंही हेच.

नवखा माणूस कोड बनवायला बसला की त्यात सगळं कोंबतो: कापडाचा प्रकार, पन्हा, वजन, रंग, हंगाम, पुरवठादार. दोन वर्षांत पन्हा बदलतो, पुरवठादार बदलतो आणि कोड खोटं बोलू लागतो. कोड छोटा आणि अर्थ नसलेला ठेवा, नुसता चढता आकडा. बाकीचे गुण वेगळ्या रकान्यांत भरा. ज्याला पन्हा हवा तो पन्ह्याच्या रकान्यात बघेल.

कापडाच्या प्रत्येक आर्टिकलसाठी इतके रकाने तरी हवेत: तंतूंचं प्रमाण टक्क्यांत, सुताचा नंबर, वीण, प्रति इंच ताण्याचे आणि बाण्याचे धागे, वापरण्याजोगा पन्हा, दर चौरस मीटरला वजन म्हणजे जीएसएम, धुतल्यावर लांबीत आणि रुंदीत होणारं आकुंचन, फिनिश. मोजमापाचं एकक प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. नुसता ‘६०’ लिहिला तर तो इंच की सेंटिमीटर, हा प्रश्न कधी ना कधी महागात पडतो.

जीएसएमचा रकाना किती कामाचा आहे, ते पाहा. १८० जीएसएमचं, दीड मीटर पन्ह्याचं १०० मीटर कापड म्हणजे २७ किलो. तुम्ही होजिअरीचं कापड किलोवर घेतलं आणि ते १९० जीएसएमचं आलं, तर त्याच २७ किलोत साधारण ९४.७ मीटरच भरतं. पाच मीटरहून जास्त कापड गेलं आणि वजनकाट्यावर मात्र सगळं बरोबर दिसलं. जीएसएम प्रत्येक खेपेला मोजून त्याच ताक्याच्या नावावर नोंदवलं, तर ही गळती पहिल्याच दिवशी कळते.

तयार कपड्यासाठी जीएस१ या जागतिक संस्थेची जीटीआयएन पद्धत वापरा. बारकोडखाली दिसणारा १३ आकडी नंबर तो हाच. नियम सोपा आहे: रंग बदलला की नवा नंबर, साइझ बदलली की नवा नंबर. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. उदाहरणार्थ २०००००००१२३४ हे पहिले १२ आकडे घ्या. डावीकडून एकाआड एक आकड्यांना १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. बेरीज २४ येते. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ३० ला पोहोचायला ६ हवेत, म्हणून तेरावा आकडा ६. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर हे गणित जुळत नाही आणि संगणक लगेच अडवतो. २ ने सुरू होणारे असे नंबर अंतर्गत वापरासाठी राखीव असतात. बाहेर विकायच्या मालासाठी मात्र जीएस१ कडून स्वतःचा कंपनी क्रमांक घ्यावा लागतो. कुठूनतरी स्वस्तात मिळालेले नंबर लावू नका. मोठे खरेदीदार आणि ऑनलाइन बाजारपेठा नंबर कुणाच्या नावावर आहे ते तपासतात.

आणखी एक गोष्ट: नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. त्याच्या सुट्टीसाठी दुसरा एक ठेवा, बस. पाच जणांना अधिकार दिला तर सहा महिन्यांत एकाच बटणाचे तीन कोड तयार होतील.

तिसरी पायरी: प्रत्येक ताक्याला जन्मदाखला

आर्टिकलचा कोड सांगतो की हे कोणतं कापड आहे. ताक्याचा नंबर सांगतो की हा कोणता ताका आहे. हे दोन्ही वेगळे आहेत आणि पुष्कळ ठिकाणी दुसरा नसतोच. तिथेच निळ्या शर्टाचा अनर्थ होतो.

ताक्यावर छापील बारकोडची चिठ्ठी लावा. तिच्यावर ताका नंबर, आर्टिकल कोड, रंगाईचा लॉट, मोजलेली लांबी, वापरण्याजोगा पन्हा, जीएसएम, तपासणीचे गुण आणि शेडचा म्हणजे रंगछटेचा गट एवढं असू द्या. लॉट मोठ्या अक्षरात छापा, चिठ्ठीच्या मधोमध. चिठ्ठी ताक्याच्या दोन्ही टोकांना लावा, कारण रॅकमध्ये कोणतं टोक बाहेर येईल ते सांगता येत नाही. रंगाईला जाणाऱ्या कोऱ्या कापडावर कागदी चिठ्ठी टिकत नाही. तिथे ताक्याच्या टोकाला न धुतल्या जाणाऱ्या शाईने नंबर लिहा किंवा पाण्यात टिकणारी कापडी पट्टी शिवा, आणि माल परत आला की त्याच नंबरावर नवी चिठ्ठी छापा. जुना नंबर तुटू देऊ नका.

तपासणीचे गुण म्हणजे चार-गुणी पद्धत. दोष ३ इंचापर्यंत असेल तर १ गुण, ३ ते ६ इंच २, ६ ते ९ इंच ३ आणि त्याहून मोठा असेल तर ४. एका यार्डात चारपेक्षा जास्त गुण धरायचे नाहीत. मग हिशेब दर १०० चौरस यार्डांवर आणतात: एकूण गुण गुणिले ३६००, भागिले यार्डातली लांबी आणि इंचातला पन्हा यांचा गुणाकार. १०० यार्ड लांब, ६० इंच पन्ह्याच्या ताक्यात २५ गुण निघाले तर उत्तर १५. पुष्कळ खरेदीदार ४० पर्यंत माल घेतात, काही फार कमी गुण मागतात. तपासणी यंत्राजवळ एक साधा टॅबलेट ठेवला आणि दोष कितव्या मीटरवर आहे तेही नोंदवलं, तर कटिंग मास्टरला थर अंथरण्याआधीच माहीत असतं की कुठे कापून वगळायचं. ही नोंद कागदी तक्त्यावर राहिली तर ती फाइलला लागते, कटिंगला लागत नाही.

आता रंग. फोटो पाठवून रंग मंजूर करून घेऊ नका. प्रत्येक फोन आणि प्रत्येक पडदा रंग वेगळा दाखवतो. रंगाचं मोजमाप स्पेक्ट्रोफोटोमीटरने होतं. तो रंगाचे एल, ए, बी असे तीन आकडे देतो, आणि मूळ नमुना व नवा लॉट यांतलं अंतर डेल्टा-ई या आकड्यात सांगतो. कपड्यांच्या व्यवहारात सीएमसी या रंगफरक मोजण्याच्या सूत्राने हा आकडा १ च्या आत असावा, अशी अट पुष्कळदा असते. कोणतं सूत्र, कोणता प्रकाश आणि किती मर्यादा, हे तिन्ही खरेदी-ऑर्डरमध्ये लिहा. डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित प्रकाश, आणि त्याच्या जोडीला दुकानात असतो तसा दुसरा एखादा प्रकाश घ्या. एका दिव्याखाली जुळणारे रंग दुसऱ्याखाली फुटतात. आमच्या ट्यूबलाइटने दडवलेलं खिडकीने दाखवलं, ते याच कारणाने. यंत्र परवडत नसेल तर रंगाईवाल्याकडून प्रत्येक लॉटचे आकडे मागवा, प्रत्यक्ष तुकडा मागवा आणि प्रमाणित दिव्यांच्या पेटीत बघा. आकडे ताक्याच्या नोंदीत टाका. मग एका कटिंगला कोणते ताके एकत्र चालतील, हे संगणक स्वतः सुचवू शकतो.

ताक्याची ही नोंद खरी आहे की नाही, ते महिन्यातून एकदा तपासा. रॅकमधले कोणतेही २० ताके उचला, मोजा आणि संगणकातल्या आकड्याशी ताडून बघा. १९ जुळले तर पुढच्या पायरीवर जा. १४ जुळले तर थांबा आणि नोंद कुठे सुटते ते शोधा. बहुतेक वेळा कटिंगनंतर उरलेला तुकडा परत स्टोअरला येतो, आणि त्याची नोंद कुणी करत नाही, तिथे ती सुटते.

चौथी पायरी: भागीदारांशी एकच भाषा

आपलं घर लागलं की सूतवाला, रंगाईवाला, जॉबवर्कवाला आणि खरेदीदार यांच्याशी संगणकाने बोलायला सुरुवात करता येते. यासाठी जगात तयार भाषा आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने बनलेली एडिफॅक्ट १९८७ पासून प्रमाणित आहे. तिच्यात ऑर्डर, ऑर्डरचं उत्तर, माल निघाल्याची सूचना आणि बिल यांचे ठरलेले साचे आहेत. युरोपात कापड, कपडे आणि पादत्राणे उद्योगासाठी २००८ मध्ये ई-बिझ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्याने मोडा-एमएल या इटलीतल्या कामावर उभारणी करून या धंद्यापुरते साचे बसवले. त्यांत ताक्याची दोषनोंद किंवा रंगाईच्या कामाची ऑर्डर यांसारख्या गोष्टींना स्वतःची जागा आहे, जी सर्वसाधारण साच्यांत शोधावी लागते. मोठा खरेदीदार त्याची भाषा लादेल आणि ती स्वीकारावी लागेल. पण तुम्हाला निवड असेल तर आधी धंद्यासाठी बनलेले साचे बघा.

लहान युनिटने लगेच या सगळ्यात उडी घेण्याची गरज नाही. फक्त दोन संदेशांपासून सुरू करा: ऑर्डर, आणि माल निघाल्याची सूचना. दुसरा संदेश जास्त मोलाचा आहे. गाडी पोहोचण्याआधी प्रत्येक ताक्याची लांबी, लॉट आणि शेड तुमच्याकडे आली, तर कटिंगचा आराखडा आदल्या दिवशी होतो. गाडी दारात आल्यावर चिठ्ठ्या फक्त स्कॅन करायच्या, लिहायचं काही नाही.

सुरुवातीला ठरलेल्या रकान्यांची साधी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल पुरते. पण काही खड्डे आहेत. स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडली की लांब बारकोड नंबर दशांशाच्या घातांकात बदलतो, आणि तसाच सेव्ह झाला की मागचे आकडे कायमचे हरवतात. शून्याने सुरू होणाऱ्या कोडमधलं पहिलं शून्य गळतं. असे रकाने आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून ठरवा. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, कारण ०३/०४ म्हणजे एकाला मार्च वाटतो आणि दुसऱ्याला एप्रिल. आणि दशांशाचं चिन्ह एकच ठेवा, कारण काही देशांत टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो. या चार गोष्टी एका पानावर लिहा आणि दोन्ही बाजूंनी त्यावर सही करा. ते पान करारापेक्षा जास्त वेळा उघडलं जाईल.

भागीदार का ऐकेल, हा खरा प्रश्न आहे. तुमच्यासाठी रंगाईवाल्याने लॉटचे आकडे भरले तर वेळ त्याचा जातो आणि फायदा तुमचा होतो. पुष्कळ चांगले प्रयत्न इथे थकतात. त्याला काहीतरी द्या. माहितीची फाइल वेळेवर आली तर बिल त्याच दिवशी मंजूर करा. पुढच्या सहा आठवड्यांत कोणते रंग लागतील याचा अंदाज त्याला दाखवा, म्हणजे त्याला रंगद्रव्य आणि यंत्र यांची आखणी करता येते. चिठ्ठ्या तुम्ही छापून द्या. त्याच्या गरजेचं काय आहे ते त्याच्या कारखान्यात जाऊन बघा, फोनवरून ते कळत नाही.

पाचवी पायरी: नमुने आणि टेक पॅक

कपड्याचं रेखाचित्र, मापं, शिलाईचे प्रकार, कापड, धागा, बटणं आणि लेबलं यांची यादी एका ठिकाणी ठेवा (यालाच टेक पॅक म्हणतात), आणि प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या. चॅटवर पसरलेल्या सूचनांवरून कपडा शिवू नका. पॅटर्नची फाइल दुसऱ्याला देताना दोघांच्याही कॅड यंत्रणेत, म्हणजे संगणकावर पॅटर्न आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी डीएक्सएफ प्रकारची फाइल मागा, आणि आकुंचनाची भर तिच्यात आधीच धरली आहे की नाही ते लेखी विचारा. नाहीतर ती दोनदा धरली जाते.

त्रिमितीय आभासी नमुने उपयोगी आहेत, पण त्यांना कापडाची लवचिकता, ताण आणि वजन यांचे मोजलेले आकडे लागतात. हे आकडे नसतील तर पडद्यावरचा झगा सुंदर पडतो आणि शिवलेला तसा पडत नाही. दुसरी पायरी नीट झाली असेल तरच इकडे वळा.

सहावी पायरी: ऑनलाइन विक्री

इथपर्यंत यायला तुम्हाला काही महिने लागले असतील. ते वाया गेलेले नाहीत. नोव्हेंबर १९९९ मध्ये बू डॉट कॉम नावाचं कपड्यांचं ऑनलाइन दुकान एकाच वेळी अनेक देशांत सुरू झालं आणि मे २००० मध्ये बंद पडलं. तेवढ्या काळात फार मोठं भांडवल संपलं. पानं इतकी जड होती की त्या काळच्या टेलिफोन लाइनवर ती उघडायलाच वेळ लागायचा. ग्राहकाकडे काय आहे आणि त्याला काय लागतं, हे दुकान उभं करताना मागे पडलं होतं.

कपडा हाताला लागत नाही, ही ऑनलाइन ग्राहकाची अडचण. म्हणून पानावर हाताच्या जागी आकडे आणि चित्र द्या. तंतूंचं प्रमाण, जीएसएम आणि त्याच्याशेजारी ‘पातळ’, ‘मध्यम’, ‘जाड’ असा एक शब्द. अस्तर आहे का, कापड पारदर्शक आहे का, ताणतं का. घडी, शिलाई आणि वीण यांचा जवळून एक फोटो. चालताना कापड कसं पडतं याचा काही सेकंदांचा व्हिडिओ. फोटो काढताना चौकटीत प्रमाणित राखाडी कार्ड ठेवून रंग दुरुस्त करा, आणि सगळे फोटो एकाच प्रकाशात काढा. देखभालीची चिन्हं आयएसओ ३७५८ प्रमाणे द्या: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री आणि व्यावसायिक धुलाई. त्यांच्या जोडीला शब्दांतही सांगा.

साइझचा तक्ता ही या पानाची जान आहे. नुसतं ‘एम’ म्हणजे काहीच नाही. दोन तक्ते द्या: एक शरीराच्या मापांचा आणि एक तयार कपड्याच्या मापांचा. कपडा सपाट ठेवून, काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत छाती किती, लांबी किती, खांदा किती. सोबत चित्र द्या, टेप कुठे धरायचा ते दाखवणारं. ग्राहकाला सांगा की आपल्याकडचा नीट बसणारा शर्ट जमिनीवर पसरा आणि हेच माप घ्या. मॉडेलची उंची आणि तिने घातलेली साइझ लिहा. आणि हा तक्ता डिझाइनच्या कागदावरून उतरवू नका. उत्पादनातले प्रत्यक्ष पाच-सहा कपडे मोजा, कारण धुलाई आणि इस्त्रीनंतर माप हलतं.

परत आलेला माल हा तुमचा सर्वात प्रामाणिक सल्लागार आहे. परतीचं कारण विचारताना ‘आवडला नाही’ असा एकच पर्याय ठेवू नका. ‘छातीत घट्ट’, ‘बाही लांब’, ‘रंग फोटोपेक्षा वेगळा’, ‘कापड पातळ’ अशी नेमकी कारणं द्या. दर आठवड्याला ती डिझाइन आणि लॉटनुसार बघा. एकाच लॉटवर ‘रंग वेगळा’ वाढला तर तो फोटोचा दोष नाही, रंगाईचा आहे. एकाच साइझवर ‘घट्ट’ वाढलं तर पॅटर्न मास्टरला तो कपडा हातात द्या. ताक्याचा नंबर कपड्यापर्यंत जपला असेल तरच हा धागा मागे नेता येतो.

साठ्याचा आकडा सगळ्या विक्रीच्या ठिकाणी एकाच जागेहून जाऊ द्या. स्वतःचं दुकान, वेबसाइट आणि दोन बाजारपेठा अशा चार ठिकाणी वेगवेगळे आकडे हाताने भरले, तर एकच शेवटचा कपडा दोघांना विकला जातो. शेवटचे दोन नग ऑनलाइन दाखवूच नका, निदान साठा नेमका आहे याची खात्री होईपर्यंत. कपड्यांचा साठा नेमका ठेवण्यात आरएफआयडी टॅगचा, म्हणजे रेडिओलहरींनी दुरून वाचता येणाऱ्या चिपचा मोठा हात आहे. झारा ब्रँडच्या इंडिटेक्स कंपनीने २०१४ मध्ये ही योजना जाहीर केली, तेव्हा त्यांनी चिप चोरीरोधक टॅगमध्ये बसवली होती, म्हणजे विक्रीनंतर तीच पुन्हा वापरता येते. लहान विक्रेत्याला बारकोड आणि नियमित मोजणी पुरते.

घाऊक विक्रीची पानं वेगळी करा. कापड घेणाऱ्याला मॉडेलचा फोटो नको असतो. त्याला किमान किती मीटर घ्यावं लागेल, एका लॉटमध्ये किती उपलब्ध आहे, तो लॉट काही दिवस राखून ठेवता येईल का आणि नमुन्याचा तुकडा कधी मिळेल, हे हवं असतं. ‘५०० मीटर शिल्लक’ लिहिताना ते एका लॉटचे की चार लॉटांचे, हे न सांगणं म्हणजे भांडणाचं निमंत्रण.

सातवी पायरी: माल कुठून आला, हे सांगता येणं

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. कोणत्या ब्रँडचं काम तिथे चाललं होतं, हे शोधायला ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं गोळा करावी लागली. माग काढण्याच्या यंत्रणेबद्दल बोलताना मला हे विसरता येत नाही. आपला कपडा कुणी, कुठे शिवला, याची नोंद असणं ही त्या शिवणाऱ्या माणसाबद्दलची जबाबदारी आहे. म्हणून उपकंत्राटाला गेलेलं प्रत्येक बंडल कुठे गेलं, ते नोंदवा. बाहेर दिलेलं काम पुढे आणखी तिसऱ्याकडे जाणार असेल तर आधी विचारायचं, हे कराराच्या पानावर लिहा.

कायदाही त्याच दिशेने चालला आहे. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांविषयीचा नियम २०२४/१७८१ जुलै २०२४ मध्ये लागू झाला. त्यात वस्तूच्या डिजिटल पासपोर्टची, म्हणजे वस्तूची माहिती संगणकावर वाचता येईल अशा नोंदीची तरतूद आहे आणि कापड-कपडे प्राधान्याच्या यादीत आहेत. त्याच नियमाने मोठ्या कंपन्यांना न विकले गेलेले कपडे नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून मनाई केली आहे, ठराविक अपवाद सोडून. तिकडे माल पाठवणाऱ्या पुरवठादाराकडे तंतू, रसायनं आणि प्रक्रियेची ठिकाणं यांची माहिती मागितली जाणार. तिसऱ्या पायरीतली ताक्याची नोंद ज्याच्याकडे आहे, त्याला ती नव्याने गोळा करावी लागणार नाही.

माणसं आणि सुरक्षितता

नव्या यंत्रणेचं यश स्टोअरकीपर आणि कटिंग मास्टर ठरवतात. त्यांना निवडीच्या पहिल्या बैठकीपासून बसवा. पडद्यावरची भाषा त्यांची असू द्या, बटणं मोठी असू द्या, आणि हाताला रंग किंवा तेल लागलेलं असताना स्कॅनर चालतो का ते प्रत्यक्ष करून बघा. जुनी वही आणि नवी यंत्रणा एकाच वेळी चालवावी लागते, पण तिची मुदत आधी ठरवा: चार आठवडे, आणि मग वही कपाटात. मुदत नसेल तर वहीच खरी राहते आणि संगणक तिची नक्कल होतो. एका उत्पादन गटापासून सुरू करा. तो नीट चालला की दुसरा.

बदलाचं मोजमाप चार आकड्यांनी करा: ऑर्डरपासून माल निघेपर्यंतचे दिवस, वीस ताक्यांच्या पडताळणीत जुळलेले ताके, परतीचं प्रमाण आणि लाल पेनचे गोल. चौथ्यासाठी दर सहा महिन्यांनी एक नवी ऑर्डर घेऊन पहिली पायरी पुन्हा करा.

आणि एक सावधगिरी आजपासूनच घ्या. पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचे पैसे इथे पाठवा’. पत्ता जवळजवळ तोच असतो, एखादंच अक्षर वेगळं. मेलमधल्या नंबरावर फोन करू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर ओळखीच्या माणसाशी बोला, आणि मगच खातं बदला. पॅटर्नच्या फायली, कोडची यादी आणि ताक्यांची नोंद यांची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जाऊ द्या. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उघडून एखादा ताका शोधून बघा. सापडला, लॉट बरोबर दिसला, तर प्रत चांगली आहे.